मुंबईत गावच्या माणसाचं बोट धरून

(म्हापशातल्या एका वाचनालयात विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेलं भाषण)

मुलांनो, आणि जागा नाही म्हणून मागे उभे राहिलेले पालकहो,

परीक्षा संपल्या. तुमच्यातली कितीतरी मुलं आता मुंबईला जातील. कुणाची आते गिरगावात, कुणाचा मामा डोंबिवलीत. थिवीला संध्याकाळी कोकणकन्येत बसायचं आणि सकाळी सीएसएमटीला उतरायचं. मग तिथं काय काय बघायचं, हे तुम्ही मला दर वर्षी विचारता.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. काकांनी एका दिवसात गेटवे, म्युझियम, मत्स्यालय, हँगिंग गार्डन, महालक्ष्मी, सगळं दाखवलं. त्यांची माया होती ती. पण रात्री अंथरुणावर पडलो तर डोळ्यांपुढे नुसत्या बसच्या रांगा. म्हणून माझा आग्रह आहे, दिवसाला एकच ठिकाण करा. आणि तिथं शिरताना आपल्या गावच्या माणसाचं बोट धरा.

इथं मांद्र्याचं कोण आहे? हात वर करा. छान. तुम्ही भायखळ्याला उतरा आणि राणीच्या बागेत जा. प्राणी नंतर बघा. दारातच जुनं संग्रहालय आहे, त्याचं नाव डॉ. भाऊ दाजी लाड. हे भाऊ तुमच्या मांद्र्याचे. वडील मातीच्या बाहुल्या विकायचे. मुलगा मुंबईत शिकला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झाला. त्यानं गरिबांना औषधं दिली, कुष्ठरोगावर वनस्पतीतून उपाय शोधला, जुने शिलालेख वाचले. हे संग्रहालय उभं राहावं म्हणून भाऊ आणि नाना शंकरशेट दोघेही झटले. 1872 साली ते लोकांसाठी उघडलं. तेव्हा त्याला व्हिक्टोरिया राणीचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव होतं, भाऊंचं नाव लागलं ते 1975 साली.

आत गेलात की कपाटांतल्या मातीच्या लहान मूर्तींपाशी थांबा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची माणसं, त्यांच्या पगड्या, त्यांचे धंदे, सगळं मातीत घडवलेलं. बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाच्या नावाखाली त्या तिथं मांडलेल्या आहेत. मी पहिल्यांदा हे जुळवलं तेव्हा त्या कपाटापासून हलवेना. वही काढा आणि एका मूर्तीचं चित्र काढा. वाकडं आलं तरी चालेल. चित्र काढताना डोळा जिथं थांबतो तिथं फोटो काढताना थांबत नाही. बुधवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं ध्यानात ठेवा.

(भाऊचा धक्का मात्र या भाऊंचा नव्हे. पणजीहून आगबोटीनं जाणारे आमचे वडीलधारे ज्या धक्क्यावर उतरायचे, तो भाऊ अजिंक्यांच्या नावाचा. ही गल्लत जाणतेही करतात.)

बाहेर बागेत एक दगडी हत्ती उभा आहे. त्याच्याकडे पाठ करून निघू नका. तो मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीज त्या बेटावर उतरले तेव्हा त्यांना हाच दिसला आणि त्यांनी बेटाला एलेफंटा म्हटलं. आपल्या गावांची नावं त्यांच्या जिभेवर कशी बदलली हे आपण गोव्यात रोज पाहतो, तसंच हे. 1864 साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना तो पडला आणि फुटला. तुकडे मुंबईत राहिले, 1914 साली ते पुन्हा जोडले. जवळ जाऊन सांधे शोधा.

हत्ती पाहिलात की दुसऱ्या दिवशी त्याचं घर बघायला जा. गेटवेहून लाँचनं साधारण तासभर लागतो. मे महिना आहे, सकाळची पहिली लाँच धरा, डोक्याला टोपी आणि जवळ पाणी हवंच. सोमवारी लेणी बंद. आत त्रिमुखी सदाशिव आहे, सुमारे 20 फूट उंच. त्याच्यासमोर खाली बसा. डोळे अंधाराला सरावले की बाजूचे दोन चेहरे हळूहळू उमटू लागतात. गाइडची घाई असते, तुम्ही करू नका.

साळगावच्यांनो, तुमच्यासाठी फोर्टातला काळा घोडा हा भाग. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा 1924 साली साळगावात जन्मले. छोडो भारत आंदोलनात उतरले म्हणून त्यांना चित्रकलेच्या शाळेतून काढून टाकलं. 1947 साली त्यांनी रझा, हुसेन, आरा यांच्याबरोबर चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट काढला. काळा घोड्याचं जहांगीर कलादालन 1952 पासून उभं आहे, आत जायला पैसे पडत नाहीत. पुष्कळदा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांशेजारी बसलेला असतो. त्याला विचारा, हा रंग इथं का? आपल्या मुलांना हे विचारायचा संकोच वाटतो. तो संकोच मोडायलाच तिथं जायचं.

नाटक एक तरी पाहाच. मे महिन्यात बालनाट्यांचे प्रयोग लागतात, पेपरात जाहिराती असतात. दादरचं शिवाजी मंदिर आहे, पार्ल्याचं दीनानाथ नाट्यगृह आहे. हे दीनानाथ म्हणजे आपल्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ, हे मी सांगायला नको. धोबीतलावला जेर महाल दिसला तर क्षणभर थांबा, आपल्या तारवट्यांचे, म्हणजे बोटींवर काम करणाऱ्या गोंयकारांचे कूड, त्यांच्या राहायच्या जागा, तिथं आहेत.

आता मागच्या बाकावरच्या त्या मुलीनं मघाशी विचारलं ते. सर, आमचं मुंबईत कुणीच नाही, आम्ही काय करायचं? बाय, तुझा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. तू कुर्डीला जा. साळावली धरणाखाली गेलेलं ते सांगे तालुक्यातलं गाव, पाणी उतरलं की याच दिवसांत वर येतं. उठून गेलेले गावकरी सोमेश्वराला परत येतात. गायिका मोगूबाई कुर्डीकर त्या गावच्या, 1904 साली जन्मलेल्या, पुढे मुंबईत नावारूपाला आलेल्या. घरच्यांना घेऊन सकाळी लवकर नीघ. घरांचे चौथरे दिसतील, वाळक्या झाडांचे बुंधे दिसतील. तिथल्या एखाद्या आजीला विचार, तुमचं घर कुठलं? ती हात धरून नेईल आणि स्वयंपाकघर कुठं होतं ते दाखवील. ते वहीत उतरव.

जूनमध्ये पहिल्या रविवारी मी याच खोलीत बसलेला असेन. सगळ्यांनी वह्या घेऊन या. कुर्डीची वही मी आधी उघडणार आहे.