एका इंजेक्शनचा माग

नमस्कार श्रोतेहो. प्रश्न गुंतागुंतीचा असला की आपण आधी विचारतो, चूक कोणाची? आज म्हणणं एवढंच, की त्याऐवजी विचारा, हे कशाशी जोडलंय?

गोष्ट गिधाडांची आहे. १९९०च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षी-अभ्यासक विभू प्रकाश यांना गिधाडं मान टाकून बसलेली दिसू लागली, आणि पुढे झाडाखाली मरून पडलेली. मग देशभर तेच. पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णव संपली. साथीचा रोग असेल म्हणून विषाणू शोधला. सापडेना. अखेर २००४ साली पाकिस्तानातली मेलेली गिधाडं तपासून संशोधक लिंडसे ओक्स यांच्या गटानं कारण सांगितलं: डायक्लोफिनॅक. बैलाचं दुखणं थांबवणारं साधं इंजेक्शन! बैल दगावला की औषध मांसात राहायचं. ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी. शंभर मेलेल्या जनावरांत जेमतेम एकात ते असलं तरी पुरेसं होतं, कारण एका जनावरावर अख्खा थवा उतरतो. आणि गिधाडाची मादी वर्षाला अंडं घालते एकच!

आता सांगा, चूक कोणाची? शेतकऱ्यानं माया केली, डॉक्टरांनी वेदना थांबवली. म्हणून पुन्हा सांगतो, कशाशी जोडलंय ते विचारा. गिधाडं गेली, मेलेली ढोरं पडून राहिली, भटकी कुत्री वाढली, मागोमाग पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचं भय. मुंबईत डुंगरवाडीला पारशी लोक आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवत; तिथे त्यांना सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली.



२००६ मध्ये भारतात जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद झालं. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद केल्या. पुढे कळलं, ॲसिक्लोफिनॅक हे दुसरं वेदनाशामक गाईच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच होतं! २०२३ मध्ये जनावरांसाठी तेही बंद झालं. कशाशी जोडलंय, हा प्रश्न दर वेळी नव्यानं विचारावा लागला.

तुमच्या गोठ्यात डॉक्टर आले तर मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक चालेल का, एवढं विचारा. गिधाडांना ते बाधत नाही.