एकाच लाव्ह्याचे दगड

(दृश्य: घाटातली कापलेली दरड)

लांबून सगळी दरड काळी-करडी. जवळ गेलं की थर वेगळे होतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, पसरला, थिजला. त्यावर पुढचा आला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग अशाच थरांचा आहे.

(दृश्य: हातोडा, ताजा तुकडा)

दगड ओळखायचा तर आधी फोडायचा. वरची तपकिरी साल ऊन-पावसाने आलेली असते, तिच्यावर जाऊ नका. आतला हा काळसर, भरीव दगड म्हणजे काळा पाषाण, बेसाल्ट. कण इतके बारीक की साध्या डोळ्याला सुटे दिसत नाहीत. दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक जवळ नेलं, की किंचित ओढलं जातं. आत मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असतं.

(दृश्य: ठिपक्यांचा दगड, अगदी जवळून)

हाही त्याच लाव्ह्याचा. थिजताना वायूचे बुडबुडे वर चढले आणि माथ्याजवळ अडकले. पुढे खनिजांनी त्या पोकळ्या भरल्या. हा मांजऱ्या. पांढरा ठिपका कसला, ते असं पाहा: सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. जोरात फसफसलं तर कॅल्साइट. फसफसलं नाही, पण चाकूने ओरखडा उठला, तर बहुधा झिओलाइट. चाकूच हरला, तर क्वार्ट्झ.

गफलत होते ती इथे. मंचर भागातल्या काही थरांत काही सेंटीमीटर लांबीचे फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक असतात. तेही पांढरट. पण स्फटिकाच्या कडा सरळ असतात. भरलेल्या बुडबुड्याच्या गोलसर. कोकणातल्या जांभ्यालाही भोकं असतात, मात्र ती वेडीवाकडी, आणि दगडाची पूड तांबूस.

(दृश्य: विहिरीची भिंत, वरून खाली)

लाव्ह्याच्या अशा एका प्रवाहाच्या, म्हणजे एका थराच्या, तळाशी बऱ्याचदा पेन्सिलीएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. मधे भरीव पाषाण, उभ्या चिरांचा. माथ्याला मांजऱ्या. काही प्रवाहांचा माथा निराळा, तुटक्या तांबूस ढेकळांचा. आणि दोन प्रवाहांच्या मधे कधी कधी हा विटकरी पट्टा, जुन्या पृष्ठभागाची झिजलेली, भाजलेली माती. तुकडा पाण्यात टाकला की बहुतेक वेळा फुगून सुटतो.

जमिनीत पाणी कुठे आहे, ते नारळ तळहातावर उभा राहतो की नाही, यापेक्षा ही भिंत जास्त सांगते. भरीव पाषाणात पाणी फक्त चिरांत. चिरा नसतील तर बोअर कोरडी. झिजलेल्या मांजऱ्यात आणि दोन थरांच्या सांध्यात आशा जास्त. मांजऱ्याची सगळी छिद्रं खनिजांनी बुजलेली असली, तर मात्र त्याच्याही नादी लागू नये. विटकरी पट्ट्याला केसिंग, म्हणजे आधाराची नळी, नसेल, तर बोअर ढासळते, पंप अडकतो.

(दृश्य: बोअरच्या गाडीजवळ भुशाचे ढीग)

बोअर चालू असताना दर दहा फुटांचा दगडाचा भुसा वेगळ्या पिशवीत भरा. पिशवीवर खोली लिहा. धुतल्याशिवाय रंग ठरवू नका. धुळीत सगळेच दगड सारखे राखाडी दिसतात.