धरून कोणी ठेवलंय?

(नागपुरात विद्यार्थी आणि नोकरदार प्रोग्रामर यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. प्रश्नोत्तरांतला थोडा भाग शेवटी घेतला आहे.)

तुमच्यातले बरेच जण मुक्त सॉफ्टवेअरला पहिला पॅच, म्हणजे कोडातली दुरुस्ती, पाठवायच्या तयारीत आहेत, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मेमरी लीक म्हणजे प्रोग्रामने घेतलेली मेमरी काम संपलं तरी परत न जाणं. त्याची दुरुस्ती बहुतेक वेळा एका-दोन ओळींची असते. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा कामाला इतके दिवस? पण ती ओळ नेमकी कुठे लिहायची हे कळेपर्यंतच सगळी मेहनत. आणि त्या मेहनतीत आपण जवळजवळ सगळेच चुकीचा प्रश्न घेऊन बसतो, की ही मेमरी मागितली कोणी? मागणारा लवकर सापडतो आणि बहुतेकदा निर्दोष निघतो. विचारायचं ते हे, की ती अजून धरून कोणी ठेवली आहे.

सोप्या प्रकारापासून सुरू करू. सी भाषेतलं एक फंक्शन डोळ्यांसमोर आणा. मेमरी मागणाऱ्या मॅलॉकने बफर, म्हणजे मेमरीचा एक तुकडा, घेतला, स्ट्रडपने फाइलच्या नावाची प्रत काढली, मग फाइलचा हेडर, म्हणजे तिच्या सुरुवातीची माहिती, वाचला. हेडर बिघडलेला निघाला, म्हणून उणे एक परत करून बाहेर पडलो. बफर आणि नाव दोन्ही तिथेच राहिले. फंक्शनच्या शेवटी दोन्हींचे फ्री, म्हणजे मेमरी परत करायच्या ओळी, अगदी व्यवस्थित लिहिलेले आहेत. त्यांच्यापर्यंत आपण पोचलोच नाही. कॉलेजात गोटू, म्हणजे थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायची आज्ञा, लिहिला की मार्क कापतात, पण लिनक्स कर्नलची कोडिंग शैली याच कामासाठी गोटू मान्य करते. बाहेर पडायची जागा एकच ठेवायची आणि घेतलेलं तिथे उलट्या क्रमाने परत करायचं. घेतलेल्या तुकड्याचा आकार बदलणाऱ्या रीॲलॉकची तऱ्हा आणखी वेगळी. त्याने दिलेला पत्ता सरळ जुन्याच पॉइंटरमध्ये, म्हणजे पत्ता ठेवायच्या जागेत, भरायची सवय आपल्याला असते. मेमरी मिळाली नाही तर रीॲलॉक नल, म्हणजे रिकामा पत्ता, देतो, पण जुना तुकडा मोकळा करत नाही. त्याचा एकमेव पत्ता मात्र आपण नलने पुसून टाकलेला असतो.

या चुकीच्या वाटांवरून चाचणीत सहसा कोणी चालतच नाही. डिस्क भरली, मेमरी संपली, असं आपल्या लॅपटॉपवर रोज कुठे होतं? कर्ल या डेटा आणण्या-पाठवण्याच्या मुक्त प्रोग्रामच्या मंडळींनी यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. ते त्याला टॉर्चर टेस्ट म्हणतात. आधी एक चाचणी नेहमीसारखी चालवायची आणि तिच्यात मेमरी मागण्यासारख्या, फसू शकणाऱ्या हाका किती आल्या ते मोजायचं. मग तीच चाचणी पुन्हा पुन्हा चालवायची. एकदा पहिली हाक मुद्दाम फसवायची, मग दुसरी, मग तिसरी. दर वेळी प्रोग्राम कोसळला का आणि काही मेमरी मागे राहिली का, ते बघायचं. वेळ लागतो, पण डोळ्यांनी कोड वाचून ज्या वाटा दिसत नाहीत त्या सगळ्या इथे उघड्या पडतात. तुमच्या प्रकल्पात हे छोट्या प्रमाणात करायला अवघड नाही. मॅलॉकभोवती स्वतःचं एक फंक्शन गुंडाळलं की सुरुवात झाली.

आता अवघड प्रकार. जावास्क्रिप्ट, पायथन, जावा यांच्यात मेमरी आपोआप आवरली जाते, त्यामुळे लीक होत नाही, ही समजूत घेऊनच आपण पदवी घेतो. ती मेमरी आवरणारा गार्बेज कलेक्टर बघतो एवढंच, की या वस्तूपर्यंत पोचायची एखादी तरी वाट शिल्लक आहे का. असली तर तो तिला हात लावत नाही. तुम्हाला ती वस्तू पुन्हा कधी लागणार आहे की नाही, हे त्या बिचाऱ्याला कळणार कसं?

फायरफॉक्स ब्राउझर हे याचं मोठं उदाहरण. तो रॅम खातो अशी ओरड वर्षानुवर्षं होती. तो बनवणाऱ्या मोझिलाने 2011 मध्ये मेमश्रिंक नावाची मोहीम काढली आणि तिचा पुढाकार निकोलस नेदरकोट यांच्याकडे होता. लीक शोधणारं व्हॅलग्राइंड घडवणाऱ्यांपैकीच ते एक, म्हणजे हत्यार बनवणारा माणूसच मैदानात उतरला होता. शोधता शोधता एक ठळक गुन्हेगार सापडला तो ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम. तुम्ही टॅब बंद केला, पान गेलं असं तुम्हाला वाटलं. पण एखाद्या ॲड-ऑनने त्या पानातल्या एका वस्तूचा रेफरन्स, म्हणजे तिच्यापर्यंत पोचायचा धागा, कुठल्याशा व्हेरिएबलमध्ये ठेवलेला असतो. त्या एका धाग्याला अख्खं पान लटकलेलं. अशा उरलेल्या पानांना ती मंडळी झॉम्बी कंपार्टमेंट म्हणत. जगभरातल्या ॲड-ऑनवाल्यांना एकेकाला गाठून त्यांचा कोड सुधारायला लावणं अशक्यच होतं. 2012 च्या फायरफॉक्स 15 मध्ये वेगळी वाट काढली: पान बंद झालं की ब्राउझरनेच ॲड-ऑनच्या हातातला धागा कापायचा. त्यानंतर ॲड-ऑनने त्या पानाला हात लावलाच, तर मेलेली वस्तू वापरता येत नाही अशा अर्थाची एरर. काही ॲड-ऑन त्यामुळे मोडले. माझ्या मते तो सौदा रास्त होता. मोडलेलं निदान दिसतं तरी.

माझ्याच प्रश्नाला अपवाद ठरणारं उदाहरणही सांगते. लिनक्सचा डेस्कटॉप दाखवणाऱ्या ग्नोम शेलचा लीक 2018 मध्ये खूप गाजला. ओव्हरव्ह्यू, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र दाखवणारा पडदा, उघड-बंद करा, मेमरी चढतच जायची. तिथे त्या वस्तू खरं तर कोणी धरून ठेवलेल्या नव्हत्या. कलेक्टर एका फेरीत फक्त सगळ्यात वरची वस्तू सोडायचा. तिच्या पोटातल्या वस्तू त्यानंतर मोकळ्या ठरायच्या, पण त्यांना उचलणारी पुढची फेरी खूप उशिरा यायची. दुरुस्ती अशी, की वस्तू सुटल्या की आणखी एक फेरी रांगेत लावायची. आता फेऱ्या जास्त झाल्या की पडदा अडखळतो, त्यामुळे किती वेळा धावायचं यावर पुढेही काम होत राहिलं.

आता आपल्या गावातलं बघू. शहरातल्या एका वर्दळीच्या जागी तापमान आणि त्याचा आलेख दाखवणारा फलक होता. मागे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्याच्यात पायथनचा प्रोग्राम. मे महिन्यात फलक दर काही दिवसांनी गोठायचा. नागपुरात मे महिन्यात काहीही बंद पडलं की आरोपी ठरलेलाच आहे. तिथला माणूस मला म्हणाला, "ताई, ऊन लागलं त्याले." डबीला पंखा बसवला, वर पांढरा पत्रा ठोकला. फलक तरी गोठायचाच. डिसेंबरात, लोक शेकोटीजवळ बसलेले असतानाही गोठला, तेव्हा उन्हाची बाजू लंगडी पडली.

आम्ही केलं ते अगदी साधं. प्रॉक फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसची स्टेटस नावाची फाइल असते आणि तिच्यात व्हीएम-आरएसएस ही ओळ, म्हणजे प्रोसेसने त्या क्षणी किती रॅम व्यापली आहे तो आकडा. दर मिनिटाला तो आकडा एका फाइलीत लिहीत गेलो. आलेख काढला तर सरळ चढण नव्हती, जिना होता. प्रत्येक पायरी साधारण सारख्या उंचीची, आणि दोन पायऱ्यांमधलं अंतर नवा आलेख काढायच्या अंतराएवढं. इथेच अर्धं काम झालं. मग मेमरी कुठल्या ओळीने मागितली हे दाखवणारं ट्रेसमॅलॉक लावलं, पायथन 3.4 पासून ते सोबतच येतं. त्याने आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब या लायब्ररीच्या आतल्या ओळी दाखवल्या. म्हणजे मागणारा सापडला, आणि तो निर्दोष होता. आलेख काढायचा तर मेमरी लागणारच. मग जीसी मॉड्यूलमधलं गेट-रेफरर्स घेतलं आणि एका जुन्या आलेखाला कोण धरून आहे हे विचारत वर वर गेलो. धागा मॅटप्लॉटलिबच्याच पायप्लॉट या भागाच्या स्वतःच्या यादीशी पोचला. पायप्लॉट तुम्ही उघडलेली प्रत्येक आकृती लक्षात ठेवतो आणि तुम्ही क्लोज म्हणेपर्यंत सोडत नाही. प्रोग्राम प्रत्येक वेळी नवी आकृती उघडत होता आणि क्लोज कोणी लिहिलंच नव्हतं. दुरुस्ती एका ओळीची. गंमत अशी, की 20 हून जास्त आकृत्या उघड्या राहिल्या की मॅटप्लॉटलिब स्वतःच इशारा छापतो. तो छापला जातही होता. फक्त सुरू करायच्या स्क्रिप्टमध्ये सगळ्या एरर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, सोडून दिल्या होत्या.

आकडा वाढला म्हणजे लीक, असं लगेच मानू नका. सुरुवातीला कॅश भरतात, लायब्ररी चढतात, ते स्वाभाविक आहे. घरातला पाण्याचा पाइप कुठे गळतोय का, हे आपण कसं बघतो? सगळे नळ बंद करून मीटर फिरतोय का ते बघतो. इथेही तसंच. एकच कृती शंभर वेळा करा, मग प्रोग्रामला शांत बसू द्या आणि आकडा लिहा. पुन्हा शंभर, पुन्हा आकडा. पहिल्या शंभराचा हिशोब सोडून द्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या शंभरात वाढ सारखीच असेल, तर मात्र पुढे जायला हरकत नाही.

सीच्या प्रोग्रामवर व्हॅलग्राइंड चालवलंत तर शेवटी चार प्रकार दिसतील. डेफिनिटली लॉस्ट म्हणजे पत्ताच हरवला, तो आधी बघा. इनडायरेक्टली लॉस्ट हे त्याच्याच पोटातलं, बहुतेकदा त्याच्यासोबत सुटतं. पॉसिबली लॉस्टला वेळ द्यावा लागतो. स्टिल रीचेबल म्हणजे प्रोग्राम संपला तेव्हाही पत्ता हातात होता. नवखे लोक याचेच भराभर पॅच पाठवतात आणि मेंटेनरची, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याची, चिडचिड होते. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या कोडिंग नियमांत स्पष्ट लिहिलंय, की प्रोग्राम संपेपर्यंत लागणारी मेमरी निव्वळ अशा हत्यारांना गप्प करायला फ्री करू नका. प्रोसेस संपली की ऑपरेटिंग सिस्टिम सगळंच परत घेते.

कोडातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचं मात्र उलटं झालं, आणि तेही बरोबर होतं. गिटच्या आज्ञा क्षणभर चालून संपतात, त्यामुळे तिथे लीक बरेच वर्षं चालवून घेतले. पण तोच कोड लायब्ररी म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या प्रोग्राममध्ये वापरायचा म्हटलं की हिशोब बदलतो. 2021 पासून त्यांनी लीक-सॅनिटायझर या लीक पकडणाऱ्या हत्याराखाली स्वच्छ चालणाऱ्या चाचण्यांवर एकेक करून खूण करायला सुरुवात केली. खूण झालेली चाचणी पुन्हा गळायला लागली की लगेच कळायचं. 2025 च्या जानेवारीत आलेल्या 2.48 आवृत्तीपर्यंत सगळा चाचणीसंच स्वच्छ झाला. मला विचाराल तर नव्या माणसाने शिरायला असंच काम उत्तम. काम सुटं सुटं असतं, आणि पॅच बरोबर आहे की नाही हे मेंटेनरला यंत्रच सांगतं.

ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवर मॅलॉक पुरवणारी सीची लायब्ररी, तिच्याबद्दल थोडक्यात. फ्री केलेली मेमरी सिस्टिमकडे लगेच परत जातेच असं नाही. शिवाय अनेक थ्रेड असले तर मॅलॉक वेगवेगळे अरीना, म्हणजे मेमरीचे सुटे साठे, उघडतो. 64-बिट यंत्रावर डीफॉल्ट मर्यादा कोअरच्या आठपट, म्हणजे आठ कोअर असतील तर 64. मॅलॉक-अरीना-मॅक्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 2 करून बघा. तेवढ्यानेच आकडा खाली आला, तर तुम्ही लीक शोधत नव्हता, फ्रॅगमेंटेशनच्या, म्हणजे मोकळ्या मेमरीचे विखुरलेले तुकडे होण्याच्या, मागे लागला होता.

बग नोंदवताना "माझ्याकडेही असंच होतंय" लिहून थांबू नका. कुठली आवृत्ती, कुठली कृती, आणि दर कृतीमागे किती केबी वाढ, एवढं तरी द्या. डीबग सिंबॉल बसवल्याशिवाय व्हॅलग्राइंडचा अहवाल चिकटवू नका. त्यात फंक्शनच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. जुन्या आवृत्तीत लीक नव्हता हे माहीत असेल, तर गिट-बायसेक्ट लावून नेमका कमिट, म्हणजे बिघाड आणणारा बदल, शोधा. असा अहवाल पॅचइतकाच मोलाचा. दुरुस्ती मग मेंटेनर अर्ध्या तासात करतो आणि तुमचं नाव कमिटमध्ये येतं.

प्रश्न: मॅडम, रस्ट भाषेत लिहिलं तर लीक होणारच नाही ना?

होतो. दोन आरसी, म्हणजे वस्तू किती जणांनी धरली ते मोजणाऱ्या दुव्यांच्या गोष्टी, एकमेकींना धरून बसल्या तर कोणीच सुटत नाही. वस्तू न सोडता विसरून जाणारं मेम-फर्गेट हे फंक्शनसुद्धा रस्टमध्ये सेफ गणलं जातं. फ्री केलेली मेमरी पुन्हा वापरण्यापासून रस्ट तुम्हाला वाचवतं. लीक नको, अशी हमी त्याने कधी दिली नव्हती.

प्रश्न: आमच्या ऑफिसात रात्री तीनला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी चालणारी आज्ञा, लावून सर्व्हरच रीस्टार्ट करतात. त्यात वाईट काय?

काही वाईट नाही, मी तुमच्या साहेबांच्या बाजूने आहे. अपाची या वेब सर्व्हरमध्ये मॅक्स-कनेक्शन्स-पर-चाइल्ड नावाची सेटिंग आहे. ठरावीक जोडण्या हाताळल्या की चाइल्ड प्रोसेस संपते आणि तिच्या जागी नवी येते. ती ठेवण्याचं एक कारण लीकला आळा घालणं हेच आहे, आणि तसं तिथे उघड लिहिलेलंही आहे. ग्राहक खोळंबले असताना लीक शोधत बसायचं नसतं. फक्त त्या क्रॉनमध्ये रीस्टार्टच्या आधी एक ओळ वाढवा, त्या क्षणीचा आरएसएस तारखेसह फाइलीत लिहिणारी. आणि नवी आवृत्ती चढवाल त्या दिवशी तिची तारीखही त्याच फाइलीत टाका. महिन्याभराने ती फाइल घेऊन या, कुठल्या आवृत्तीपासून बिघडलं ते आपण बसून बघू.