व्हेलच्या बोटीवर पक्षी पाहताना

(शॉट: मिरिसा बंदर, पहाट, बोटीवर चढणारी मंडळी)

आम्ही नागपूरचे लोक, आमचं पक्षी पाहणं म्हणजे अंबाझरी नाहीतर गोरेवाडा तलाव, काठावर ट्रायपॉड लावायचा अन् निवांत बसायचं. श्रीलंकेच्या दक्षिणेला मिरिसाहून एप्रिलमध्ये व्हेलच्या बोटीवर चढलो तेव्हा मात्र स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवरची ती मोठी दुर्बीण, रूमवरच ठेवला, डोलणाऱ्या डेकवर त्याचा काही उपयोग नाही. गळ्यात ८ बाय ४२ ची दुर्बीण, पोटात अ‍ॅव्होमिन, बस झालं.

इथं किनारा सोडून थोडंच आत गेलं की तळ एकदम खोल जातो, म्हणून ब्लू व्हेल एवढ्या जवळ दिसतात. पण व्हेल वर येतो, फवारा उडवतो, श्वास घेऊन खाली जातो, मग दहा-दहा मिनिटं पाणीच पाणी. तेव्हा सगळे मोबाईल काढतात. खरं सांगू, पक्ष्यांचा टाइम तोच आहे.

(शॉट: तरंगता ओंडका, त्यावर सुरय)

पाण्यात ओंडका नाहीतर थर्माकोलचा तुकडा दिसला की त्यावर कोण बसलंय ते पाहायचं, बहुतेक ब्रायडल्ड टर्न असते. वैनगंगेवरची नदी सुरय माहीत आहे ना, तिच्याच खानदानातली, पण पाठ काळपट तपकिरी अन् डोळ्यावरून मागं जाणारी पांढरी पट्टी. ही आपल्या कोकणातल्या वेंगुर्ला रॉक्स बेटांवर अंडी घालते बरं का, म्हणजे हिच्यासाठी श्रीलंकाच गाठली पाहिजे असं काही नाही.

बोटीवर दिशा घड्याळानं सांगतात, बोटीचं नाक म्हणजे बारा. कोणी "दोन वाजता!" ओरडलं तर आमच्यातला एकजण खरंच मनगटावर पाहून राहिला होता.

दोन वाजता होतं फ्लेश-फूटेड शिअरवॉटर, चॉकलेटी अंग, फिकट चोच, गुलाबी पाय. पंख ताठ ठेवून लाटेला लागून असं तिरकं जाते की पंखाचं टोक आता भिजेल असं वाटते, अन् फडफड जवळपास नाहीच, लाटेवरच्या वाऱ्यावरच सगळं काम. चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात. हे पक्षी समुद्राचंच पाणी पितात, जास्तीचं मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी गाळतात अन् ते नाकातून टपकते. नाक तिखट पण आहे, खाणं कुठं आहे ते यांना वासावरून कळते.

(शॉट: स्टॉर्म पेट्रेल, स्लो मोशन)

माझा फेवरेट मात्र विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल, हा छोटासा समुद्रपक्षी. वजन साधारण ४० ग्रॅम, अन् अंडी घालायला अंटार्क्टिकाच्या बाजूला जाते! पाय खाली सोडून, पंख वर धरून पाण्यावर टप टप टप उड्या मारत बारीकसारीक खाणं टिपते, कॅमेऱ्याचा फोकस काही केल्या बसत नाही.

तेवढ्यात डावीकडे स्कुआ, समुद्रपक्ष्यांतला गुंडच, सुरयच्या मागं लागला तो तिनं चोचीतला मासा टाकेपर्यंत सोडतच नाही, अन् हा सगळा राडा डोळ्यासमोर चालू असताना मागून कोणीतरी विचारते, "भाऊ, व्हेल कुठं गेला?"