तळाखाली किती पाणी: मांडवीतील एका शिडाच्या नौकेवर चार्टप्लॉटर बसवताना

(दृश्य: सकाळ. वेरेच्या काठावरून दिसणारी मांडवी, पलीकडे पणजी. नांगरलेली एक शिडाची नौका.)

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आहे. पावसाचा जोर ओसरला असला तरी मांडवीचे पाणी अजून गढूळ आहे, आणि वेरेच्या काठापासून थोड्या अंतरावर नांगरलेल्या दहा मीटर लांबीच्या या नौकेवर हंगामाची तयारी सुरू झाली आहे. शिडे अजून पिशव्यांतच आहेत. आजचे काम आहे ते सुकाणूजवळ बसवायच्या नऊ इंची स्क्रीनचे, म्हणजे चार्टप्लॉटरचे. उपग्रहांच्या संदेशांवरून नौकेचे स्थान काढून ते सागरी नकाशावर दाखवणारे हे यंत्र बसवायला एक दिवस पुरतो. ते या नौकेपुरते खरे बोलू लागावे यासाठी मात्र आणखी काही दिवस द्यावे लागतात, आणि नेमके तेच काम बहुतेक ठिकाणी अर्धवट सोडले जाते.

या नौकेचे मालक फोंड्याचे निवृत्त प्राध्यापक आहेत आणि वायरिंगचे काम करणारा तरुण वेंगुर्ल्याचा आहे. तो त्यांना ‘सर’ म्हणतो. गेल्या हंगामात परतीच्या वाटेवर, मांडवीच्या मुखावरील अग्वादच्या आत शिरल्यानंतर, ओहोटीच्या वेळी या नौकेची कील, म्हणजे तळातून खाली उतरणारा उभा भाग, वाळूला लागली होती. त्या क्षणी जुन्या यंत्रावर खोलीचा आकडा स्पष्ट दिसत होता: १.८ मीटर. वाळू मऊ होती आणि भरती लागणार होती, म्हणून नौका सुखरूप सुटली. यंत्र बिघडलेले नव्हते, आकडाही चुकीचा नव्हता. मग कील टेकली कशी, हा प्रश्न सरांनी वर्षभर मनात ठेवला आणि नवे यंत्र घेताना तोच सर्वांत आधी पुढे मांडला.

(दृश्य: नदीच्या मुखाकडे जाणारी मासेमारीची होडी, दूर अग्वादचे भूशिर.)

मांडवीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा आहे. खलाशी त्याला ‘अग्वाद बार’ म्हणतात. पावसाळ्यात येथे लाटा फुटतात, आणि खनिज वाहून नेणारे बार्ज त्या काळात हे मुख टाळून कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरत. दर पावसाळ्यात येथील वाळू हलते. नकाशावर छापलेली खोली ही सर्वेक्षण झाले त्या दिवसाची असते, आजची नसते, हे लक्षात ठेवूनच येथे यंत्र वापरावे लागते.

स्क्रीनची जागा ठरवताना सर स्वतः सुकाणूवर बसले. शीड डावीकडे असो वा उजवीकडे, मान फार न वळवता स्क्रीन दिसली पाहिजे, दोऱ्या तिला अडकता कामा नयेत, आणि दुपारचे ऊन थेट काचेवर पडू नये. पोलराइज्ड गॉगल लावून पाहिल्यास काही स्क्रीन विशिष्ट कोनातून जवळजवळ काळ्या दिसतात. भोक पाडण्यापूर्वी ही एक मिनिटाची चाचणी करावी, कारण फायबरग्लासला पाडलेले भोक परत बुजवणे हे मनाला लागणारे काम आहे. दुसरी चाचणी होकायंत्राची. स्क्रीन हातात धरून ठरलेल्या जागी नेली, चालू केली, बंद केली, आणि त्या वेळी होकायंत्राची सुई हलते का ते पाहिले. पहिल्या जागी ती हलली. म्हणून स्क्रीन एक वीत बाजूला सरकली.

वायरिंगविषयी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत साधी तांब्याची तार आतून हिरवी पडत जाते, म्हणून येथे कथिलाचा मुलामा असलेली तारच वापरली आहे, आणि प्रत्येक केबल यंत्रात शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर वळवली आहे, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी यंत्रात न जाता झोळाच्या टोकाशी गळून पडते. दुसरी गोष्ट बॅटरीची. इंजिन सुरू करताना स्टार्टर इतका प्रवाह ओढतो की क्षणभर व्होल्टेज कोसळते आणि स्क्रीन बंद होऊन पुन्हा सुरू होते. इंजिन घाईने सुरू करण्याची वेळ बहुधा अडचणीचीच असते, आणि त्याच वेळी नकाशा नाहीसा होतो. त्यामुळे स्टार्टरची बॅटरी वेगळी आणि उपकरणांची वेगळी, अशी विभागणी आधी केली.

(दृश्य: केबिनच्या फळीखाली केबलची मालिका. मल्टिमीटरची काच.)

खोली मोजणारा सेन्सर, वाऱ्याचा सेन्सर, दिशेचा सेन्सर आणि स्क्रीन ही सगळी आता एकाच केबलवर बोलतात. या पद्धतीचे नाव ‘एनएमईए २०००’. नौकेच्या लांबीने एक मुख्य केबल जाते, तिला कारागीर बॅकबोन म्हणतात, आणि तिच्यावरील टी-आकाराच्या जोडांतून प्रत्येक उपकरणाकडे लहान फांदी निघते. फांदी सहा मीटरांपेक्षा लांब चालत नाही. बॅकबोनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर, म्हणजे टोकाला लावायचा रोधक, हवाच, एकही कमी नको आणि तिसरा नको. त्या तरुणाने वीजपुरवठा बंद करून माहिती वाहणाऱ्या दोन तारांमधला रोध मोजला. दोन टर्मिनेटर समांतर असल्याने आकडा ६० ओहमच्या आसपास यायला हवा, आला १२०. म्हणजे एक टर्मिनेटर जागेवर नव्हता. तो पुढच्या कपाटात, जुन्या दोरांखाली, सैल होऊन पडलेला सापडला. अशा अवस्थेतही जाळे पुष्कळदा चालते, पण मधूनच एखादा आकडा गायब होतो, आणि तो का गायब होतो हे समुद्रात कोणालाच सापडत नाही.

आता खोलीचा प्रश्न. सेन्सर नौकेच्या पोटाला, पाण्याच्या पृष्ठभागाखाली अर्ध्या मीटरवर बसवलेला आहे. तो आवाजाची स्पंदने खाली सोडतो, पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जाणारा आवाज तळावर आपटून परत येण्यास किती वेळ लागला ते मोजतो, आणि त्यावरून स्वतःपासून तळापर्यंतचे अंतर सांगतो. त्याला ना पृष्ठभाग ठाऊक असतो, ना कील. ही कील पृष्ठभागापासून १.८ मीटर खोल उतरते. यंत्रात अधिक ०.५ हा फरक भरला तर स्क्रीनवर पृष्ठभागापासूनची खोली दिसते, उणे १.३ भरला तर कीलखाली उरलेले पाणी दिसते. दोन्ही आकडे खरे असतात, दोन्हींच्या शेजारी ‘खोली’ एवढेच लिहिलेले असते. जुन्या यंत्रात कोणीतरी अधिक ०.५ भरून ठेवले होते. सर ते कीलखालचे पाणी समजत होते. स्क्रीनवर १.८ दिसले तेव्हा पृष्ठभागापासून तळ १.८ मीटरवर होता, आणि कीलखाली काहीच नव्हते.

“म्हणजे यंत्र बरोबर सांगत होते, सर, आणि तुम्ही चुकीचे समजत होता,” असे तो तरुण म्हणाला. सरांनी मान हलवली.

(दृश्य: डेकच्या कडेवरून खाली सोडलेली, खुणा केलेली दोरी.)

कंपनीच्या पुस्तिकेतील माप घेऊन हे काम संपत नाही, असे माझे ठाम मत आहे. नौकेत पाणी, इंधन आणि माणसे भरली की ती खाली बसते. म्हणून नांगरावर असताना दोरीला सपाट वजन बांधून, सेन्सरच्या रेषेत, तीनदा खोली मोजली; चिखल मऊ असल्याने वजन थोडे रुतते, ते धरून सरासरी ३.७ मीटर आली. नवे यंत्र त्या वेळी ३.२ दाखवत होते, म्हणजे सेन्सरपासूनची निव्वळ खोली. उणे १.३ भरल्यावर आकडा १.९ झाला. दोरीच्या ३.७ मधून कीलचे १.८ वजा केले की तेवढेच उरतात. सरांनी स्क्रीनवरील त्या चौकटीचे नाव बदलून ‘कीलखाली’ असे ठेवले आणि शेजारी एक पट्टी चिकटवून तीवर उणे १.३ आणि दिनांक लिहिला.

नकाशावरील खोली आणि ही खोली यांची सांगड भरतीशिवाय बसत नाही. नकाशातील आकडा नीचतम ओहोटीच्या जवळपासच्या पातळीपासून मोजलेला असतो. तेथे १.४ लिहिले असेल आणि मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाप्रमाणे त्या घटकेला १.६ मीटर भरती असेल, तर पाणी ३ मीटर, आणि या कीलखाली १.२ मीटर. उधाणाच्या दिवशी येथे पाणी सुमारे दोन मीटर चढते-उतरते, भांगाच्या दिवसांत त्याहून बरेच कमी. एकाच जागेवरून सकाळी जाता येते आणि दुपारी जाता येत नाही.

नकाशाच्या मांडणीत सर्वांत घातक चूक अगदी साधी असते. अग्वादजवळचे एखादे अक्षांश १५ अंश २९.५० मिनिटे असे कोणी फोनवर सांगितले आणि ऐकणाऱ्याने ते १५ अंश २९ मिनिटे ५० सेकंद असे भरले, तर खूण सहाशे मीटरांहून अधिक उत्तरेला सरकते. म्हणून यंत्रात अंश आणि दशांश मिनिटे हीच पद्धत ठेवली आणि तीच सर्वांना सांगितली. नकाशाचा आधार डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याची जागतिक चौकट, असल्याची खातरजमा केली, कारण उपग्रहांवरून मिळणारे स्थान त्याच आधारावर असते. शिवाय बोटांनी नकाशा कितीही मोठा केला तरी माहिती वाढत नाही. पन्नास हजारांत एक या प्रमाणावर काढलेल्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर; ती रेषा स्क्रीनवर हातभर मोठी झाली तरी तिची अचूकता तीच राहते.

(दृश्य: संथ पाण्यात गोल फिरणारी नौका, वरून.)

भरती थांबून ओहोटी सुरू होण्याआधीच्या निवांत घटकेत नौकेने संथ वेगाने पूर्ण वर्तुळे घेतली. यातून दिशेचा सेन्सर इंजिनच्या लोखंडाचा प्रभाव ओळखतो. या सेन्सरची दिशा, म्हणजे नौकेची नाळ (पुढचे टोक) जिकडे रोखलेली आहे ती, आणि उपग्रहांवरून मिळणारी वाटचालीची दिशा या वेगळ्या आहेत. वेरेहून पणजीकडे नदी ओलांडताना नाळ सरळ दक्षिणेला रोखलेली असते, आणि ओहोटीचा ओघ मात्र नौकेला पश्चिमेकडे नेत असतो. स्क्रीनवर दोन रेषा निघतात, आणि त्यांच्यामधला कोन पाहूनच ओघ किती जोराचा आहे ते कळते. नौका थांबली की उपग्रहांची रेषा भरकटते. नाळेची रेषा स्थिर राहते.

रात्रीसाठी स्क्रीन लाल रंगात आणि अगदी मंद ठेवली. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि पणजीसमोरील कॅसिनो जहाजांच्या झगमगाटात ती सवय तशीही मोडते. लहान होड्यांचे दिवे त्या उजेडात हरवतात. अनेक होड्यांवर आपले स्थान कळवणारे यंत्रही नसते. त्यांच्यासाठी डोळेच लागतात.

(दृश्य: ऑक्टोबरची सकाळ. मतलई वारा. नौका मुखाकडे निघालेली.)

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, भरती चढत असताना, नौका निघाली. वेरेला नौदलाचा तळ मागे पडला. तेथूनच १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांची ‘तारिणी’ ही शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली आणि २१ मे २०१८ रोजी परतली. साऱ्या महासागरांआधी तिलाही हेच मुख ओलांडावे लागले. उजवीकडे रेईश मागूशचा किल्ला, डावीकडे मिरामारची वाळू. गेल्या वर्षी कील लागली होती त्या जागेजवळ सरांनी वेग कमी केला. कीलखाली ३.१ मीटर. मग २.४. तरुण नाळेवर दोरी घेऊन उभा होता, त्याने दोनदा खोली मोजून ओरडून सांगितली, “चार पूर्णांक दोन.” १.८ वजा केले की २.४. पुढे आकडा १.६ पर्यंत उतरला, थोडा वेळ तेथेच राहिला, आणि मग हळूहळू वाढू लागला. अग्वादचे भूशिर मागे गेल्यावर सरांनी मोठे शीड वर चढवायला सांगितले.