शेजारी कुणी बसलं की हात का बदलतो?

नमस्कार मंडळी! सोलापूरच्या पूर्व भागात दारात बसून विड्या वळणाऱ्या बायका बघितल्यात ना? मांडीवर सूप. भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. गप्पा तेलुगूत, मध्येच मराठीत, आणि हाताकडे लक्षही नसतं. शेजारणीनं वेग धरला की आपलाही हात आपोआप उचलतो.

आता त्याच घोळक्यात कालपरवा शिकायला लागलेली पोरगी बसवा. चार जणींनी बघितलं रे बघितलं, की पान फाटतं, तंबाखू सांडते.

सोबत तीच, मग एकीला फायदा आणि दुसरीला तोटा का? रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं 1965 मध्ये याचं उत्तर मांडलं. आसपास कुणी असलं की अंगात ताण चढतो, आणि जे सगळ्यात सहज येतं तेच हातून होतं. मुरलेल्या हाताला सहज येतं ते बरोबर असतं. नवख्याला सहज येते ती चूक!

यानं 1969 मध्ये प्रयोग केला तो चक्क झुरळांवर. उजेडातून अंधाराकडे पळायचं. बाजूला दुसरी झुरळं प्रेक्षक म्हणून ठेवली, तर सरळ वाटेवर ती जास्त जोरात पळाली आणि वळणाच्या वाटेवर रेंगाळली. आता झुरळाला 'लोक काय म्हणतील' याची चिंता असेल, असं मला तरी वाटत नाही.

मग शिकायचं एकट्यानंच? तसं नाही हो. नुसतं बघत बसणारा वेगळा आणि 'अंगठा असा ठेव' म्हणत हात धरून दाखवणारी मावशी वेगळी. त्या पोरीला तशी एक मावशी द्या, घोळका नंतर.

अभ्यासिकेत एमपीएससी करणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. चौघं मिळून 'काय काय आठवतंय' म्हणत बसलात, तर चौघांनी वेगवेगळं लिहून एकत्र केलं असतं त्याहून कमीच आठवतं. एकाच्या बोलण्यानं दुसऱ्याची आठवायची साखळी तुटते. पण गंमत बघा, नंतर एकट्यानं आठवताना तीच बैठक बऱ्याचदा कामाला येते, कारण आपलं सुटलेलं दुसऱ्याच्या तोंडून कानावर पडलेलं असतं. म्हणून आधी प्रत्येकानं गुपचूप कागदावर उतरवा, मग वह्या एकमेकांसमोर टाका. चहा त्यानंतर.