शीटचं शेवटचं टोक

श्रोतेहो, नमस्कार. समोर कॉम्प्युटर असेल तर एक्सेलची कोरी शीट उघडा. नसेल तर कागद-पेन घ्या. कंट्रोलची कळ दाबून धरा आणि खाली जाणारा बाण एकदाच दाबा. आता डाव्या कडेचा आकडा वाचा: १०,४८,५७६. दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर. ही शेवटची ओळ, याच्या खाली काही नाही. आता कंट्रोल तसंच धरून उजवा बाण. वर एक्सएफडी अशी अक्षरं येतील, तो १६,३८४ वा कॉलम. परत ए-१ वर, म्हणजे पहिल्या चौकटीवर, यायला कंट्रोल आणि होम.

शीटला टोक असतं. आधी टोकच का दाखवलं? तर त्यासाठी इंग्लंडची गोष्ट ऐकायला हवी.

वर्ष २०२०, सप्टेंबरअखेर. करोनाचे रुग्ण पुन्हा वाढत होते. तपासणीचे निकाल प्रयोगशाळांकडून साध्या मजकुराच्या फाइलींत यायचे. त्यांना सीएसव्ही म्हणतात: एका ओळीत एक नोंद, मध्ये स्वल्पविराम. अशा फाइलीला ओळींची मर्यादा नसते. पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेत त्या आपोआप एक्सेलच्या तयार नमुन्यात ओतल्या जायच्या आणि तिथून पुढे रुग्णांच्या संपर्कातली माणसं शोधणाऱ्यांकडे जायच्या. तो नमुना होता जुन्या एक्सएलएस प्रकारातला. २००७ मध्ये एक्सेलची शीट मोठी झाली, दहा लाखांच्या पुढे गेली. पण जुन्या एक्सएलएस फाइलीत ओळी फक्त ६५,५३६. पुन्हा सांगते, पासष्ट हजार पाचशे छत्तीस.

वाटेल, एवढ्या ओळी पुष्कळ झाल्या. पण तिथे एका रुग्णाच्या नोंदीला एक ओळ नव्हती, अनेक ओळी लागायच्या. त्यामुळे एका नमुन्यात सुमारे १,४०० रुग्णच मावत. रुग्ण कमी होते तोवर सगळं सुरळीत चाललं. ते वाढले, शीट टोकाला टेकली आणि टोकाच्या पुढचे रुग्ण गळले. फाइल दिसायला व्यवस्थित, भरलेली.

चूक लक्षात आली शुक्रवारी, २ ऑक्टोबरला. २५ सप्टेंबरपासूनच्या त्या आठवड्यात १५,८४१ रुग्ण राष्ट्रीय आकड्यांत आलेच नव्हते. मागची भर घातल्यावर रविवारी, ४ ऑक्टोबरला जाहीर झालेला आकडा २२,९६१ वर गेला. त्या माणसांना स्वतःचा निकाल वेळेवर कळला होता. पण त्यांच्या घरी, कामावर, शेजारी कोण कोण संपर्कात आलं, त्यांना निरोप जायला उशीर झाला. ‘हाय रिस्क काँटॅक्ट’ म्हणून घरात बसण्याचे दिवस आपण सगळ्यांनी काढलेत, तेव्हा त्या काळात चार-पाच दिवस म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मग उपाय केला तो साधाच: मोठी फाइल तोडून लहान लहान फाइलींत भरायची.

तेव्हा फाइल उघडल्यावर वरच्या पट्टीत नाव वाचा. नावापुढे ‘कंपॅटिबिलिटी मोड’ दिसलं तर ती जुनी फाइल, टोक ६५,५३६ वर. सेव्ह ॲज करा, प्रकार एक्सएलएसएक्स निवडा, फाइल बंद करून पुन्हा उघडा.

आता तुमची भरलेली शीट. सोसायटीच्या वर्गणीची असेल, बचत गटाची असेल. कंट्रोल आणि खालचा बाण इथे शेवटच्या भरलेल्या सेलवर, म्हणजे चौकटीवर, थांबतो. मात्र मध्ये एक सेल रिकामा असला तर त्याच्या आधीच थांबतो. लक्षात ठेवा, रिकाम्या सेलच्या आधी थांबतो. तीनशे नोंदींची यादी असून बाण चाळीसवर अडकला, तर एक्केचाळिसावी जागा मोकळी आहे. म्हणून नीटनेटकं दिसावं यासाठी मध्ये कोऱ्या ओळी सोडू नका. आणि सेल मर्ज तर अजिबात करू नका, म्हणजे अनेक सेल जोडून एक करू नका. मर्ज केलेल्या सेलमुळे यादी सॉर्ट करताना, म्हणजे क्रमाने लावताना, एक्सेल अडून बसतं. शीर्षक मधोमध हवं असेल तर सेल निवडा, कंट्रोल आणि १, अलाइनमेंटमध्ये ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’. मला तर वाटतं, कॉम्प्युटरच्या क्लासात पहिले दोन दिवस मशीन बंदच ठेवावं आणि मुलांच्या हातात पट्टी, पेन्सिल, कागद द्यावा. वर नाव, खाली नोंदी, एका रकान्यात एकाच जातीची माहिती. हे हाताला कळलं की पुढचं सोपं जातं, आणि अक्षरही सुधारतं.

थोडक्या खुणा आणखी. कंट्रोलबरोबर शिफ्टही धरून खालचा बाण दाबला की सगळा पट्टा निवडला जातो, माउस ओढत बसावं लागत नाही. भटकलात, निवडलेला सेल दिसेनासा झाला, तर कंट्रोल आणि बॅकस्पेस. डावीकडे वर नेम बॉक्स असतो. त्यात सी-५०० टाइप करून एंटर करा, थेट तिथे. शीर्षकाची ओळ वर टिकवायची तर व्ह्यू, फ्रीझ पेन्स, फ्रीझ टॉप रो. बाण दाबल्यावर सेल न हलता सगळी शीटच सरकते आहे का? स्क्रोल लॉक चालू आहे. लॅपटॉपवर ती कळ नसेल तर विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून तिथली दाबा. सेलमध्ये नुसत्या हॅशच्या खुणा दिसल्या तर बहुतेक वेळा कॉलम अरुंद असतो. वर कॉलमच्या अक्षराच्या उजव्या रेघेवर डबल क्लिक.

आणि मोजणी. नावांचा पहिला सेल निवडा, कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण, मग खालच्या पट्टीत उजवीकडे ‘काउंट’ वाचा. तो आकडा पावती पुस्तकाशी ताडून बघा. पुस्तकात १४२ पावत्या आणि काउंट १३९ असेल, तर बेरजेचा फॉर्म्युला अजून लिहू नका. आधी त्या तीन पावत्या शोधा.